सगळ्यात भरवशाची म्हणून ओळखली जाणारी कंपनीच बाजारातून गेली, मग स्नोमोबाईल घ्यायची कुणाची?

गुलमर्गला जाऊन आलेल्या मंडळींच्या मोबाईलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. भाड्याने घेतलेला जाडजूड कोट, पायात गमबूट आणि बर्फावर पळणाऱ्या एका गाडीवर चालकाच्या मागे घट्ट धरून बसलेला माणूस. पुढे दोन स्की, मागे रणगाड्याला असतो तसा पण रबरी पट्टा, आणि स्कूटरसारखं हँडल. हीच ती स्नोमोबाईल. आपल्यासाठी हा पंधरा मिनिटांचा खेळ. पैसे द्यायचे, एक चक्कर मारायची, रील टाकायचं आणि हॉटेलवर परतायचं.

पण कॅनडाचा उत्तर भाग, अलास्का, मिनेसोटा किंवा फिनलंडचा लॅपलँड इथं हीच गाडी म्हणजे घरातली मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि कधीकधी ॲम्ब्युलन्सही असते. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ताच नाही. हिवाळ्यात जायचं तर विमानाने, नाहीतर बर्फावरून. अशा ठिकाणी उणे ३० अंशांत, गावापासून ४० किलोमीटरवर गाडी बंद पडली तर 'जरा बघा हो, मेस्त्री कुठं मिळेल का' असं विचारायलाही माणूस नसतो.

म्हणूनच तिथं एक वाद वर्षानुवर्षं रंगतो. आपल्याकडे बुलेट चांगली की जावा, यावर जशी भांडणं होतात तशीच. स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा, या चौघांत सगळ्यात भरवशाची कोण? या वादात एका नावावर विरोधकांचंही बऱ्यापैकी एकमत असायचं. यामाहा जड असेल, महाग असेल, पण बंद पडणार नाही.

आणि नेमकी तीच कंपनी गेली. जून २०२३ मध्ये यामाहाने जाहीर केलं की स्नोमोबाईलचा धंदा आपण बंद करतोय. जपानमध्ये २०२२ चं मॉडेल शेवटचं ठरलं, युरोपमध्ये २०२४ चं आणि अमेरिका-कॅनडात २०२५ चं. १९६८ मध्ये पहिली स्नोमोबाईल आणणाऱ्या कंपनीने पन्नासहून जास्त वर्षांनी हात वर केले. कारण सरळ सांगितलं, या बाजारात टिकाऊ धंदा करणं अवघड आहे.

त्याला दीड वर्ष होतंय तोवर दुसरी बातमी आली. डिसेंबर २०२४ मध्ये आर्क्टिक कॅटची मालक असलेल्या टेक्स्ट्रॉन कंपनीने कारखान्यातलं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. टेक्स्ट्रॉनने २०१७ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर मोजून ही कंपनी घेतली होती. एप्रिल २०२५ मध्ये आर्क्टिक कॅटमध्येच पूर्वी वरच्या पदावर काम केलेल्या माणसाच्या नेतृत्वाखालच्या एका गटाने ती विकत घेतली आणि कारखाना पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. कंपनी वाचली. पण मधल्या चार महिन्यांत ज्यांच्या दारात आर्क्टिक कॅट उभी होती, त्यांच्या पोटात गोळा आला असणार हे नक्की.

त्यामुळे 'भरवशाची गाडी कुठली' या प्रश्नाचा अर्थच गेल्या दोन-तीन वर्षांत बदललाय.

यामाहाचं नाव नेमकं कशामुळे झालं?

हे समजायला आपली आरएक्स १०० आठवा. टू-स्ट्रोक इंजिन. हलकं, चपळ, कान पिळला की उडी मारणारं, आणि मागे निळसर धूर सोडणारं. आपल्याकडे दुचाक्यांमधून टू-स्ट्रोक हद्दपार होऊन जमाना झाला, पण स्नोमोबाईलमध्ये ते आजही जोरात आहे. कारण वजन. डोंगरातल्या भुसभुशीत, कंबरभर बर्फात जड गाडी रुतते. वीस-तीस किलोंचा फरकही तिथं गाडी वर चढणार की खड्ड्यात बसणार हे ठरवतो.

टू-स्ट्रोकचा तोटाही आरएक्सवाल्यांना ठाऊक आहे. ऑईल पेट्रोलसोबत जळतं, पिस्टन-रिंगची झीज जास्त होते आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण थोडं बिघडलं तरी इंजिन सीज होऊ शकतं. काही हजार किलोमीटरनंतर इंजिन उघडावं लागणार, हे धरूनच चालायचं.

यामाहाने २००३ च्या मॉडेलमध्ये आरएक्स-१ नावाची फोर-स्ट्रोक स्नोमोबाईल आणली आणि पुढे जवळपास सगळी ताकद फोर-स्ट्रोकवर लावली. इंजिन जड, पण शांत, पेट्रोल कमी पिणारं आणि वर्षानुवर्षं न उघडता चालणारं. ट्रेलवर, म्हणजे बर्फाच्या तयार वाटांवर, दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्यांना हे जाम आवडलं.

यामाहाच्या बाकीच्या गाड्यांचाही या प्रतिमेला हातभार होता. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २०१५ मध्ये मोटारसायकलींचा एक मोठा सर्व्हे प्रसिद्ध केला होता. त्यात चार वर्षांत बिघडण्याचं प्रमाण सगळ्यात कमी, ११ टक्के, यामाहाचंच निघालं. पण तो सर्व्हे मोटारसायकलींचा होता, स्नोमोबाईलचा नव्हे. वादात मात्र असे आकडे इकडचे तिकडे सहज फिरतात.

मग एवढं चांगलं इंजिन असून धंदा का बसला? इथं ग्राहकांचा एक गमतीशीर विरोधाभास दिसतो. भरवशाबद्दल बोलायचं यामाहाचं नाव घेऊन, आणि पैसे मोजताना हलकी, जास्त उडी मारणारी टू-स्ट्रोक घ्यायची. डोंगरात खेळणाऱ्या ग्राहकांचा वर्ग वाढत गेला आणि त्या मैदानात फोर-स्ट्रोकचं वजन आडवं आलं. स्की-डूने २०१७ च्या मॉडेलपासून आपलं ८५० ई-टेक इंजिन आणलं, पोलारिसने २०१९ च्या मॉडेलपासून ८५० पेट्रियट. दोन्ही टू-स्ट्रोक. खरी मारामारी तिथं झाली.

नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची

ही गोष्ट बाहेरच्या लोकांना फारशी माहीत नसते, पण भरवसा मोजताना सगळ्यात महत्त्वाची आहे. शेवटच्या काही वर्षांत यामाहाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्नोमोबाईल यामाहाच्या कारखान्यात बनतच नव्हत्या.

यामाहा आणि आर्क्टिक कॅट यांच्यात करार होता. यामाहाची टर्बो इंजिनवाली साईडवाईंडर ही गाडी मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स या गावात, आर्क्टिक कॅटच्या कारखान्यात जोडली जायची. इंजिन यामाहाचं, सांगाडा आर्क्टिक कॅटचा. तेच इंजिन आर्क्टिक कॅटच्या थंडरकॅटमध्येही. म्हणजे शोरूममध्ये दोन वेगळ्या रंगांच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, आणि आतून सख्ख्या बहिणी. पुढे तर डोंगरासाठीची यामाहा माउंटन मॅक्स आली, तिच्यात इंजिनसुद्धा आर्क्टिक कॅटचं टू-स्ट्रोक होतं.

आता 'यामाहा म्हणजे भरवसा' असं म्हणून ती गाडी घेणाऱ्याने नेमकं काय घेतलं? आणि 'आर्क्टिक कॅट नको बाबा' म्हणून थंडरकॅटकडे पाठ फिरवणाऱ्याने नेमकं काय नाकारलं? इंजिन, सांगाडा, सस्पेन्शन, इलेक्ट्रिकलचं काम, हे सगळं एका बिल्ल्याखाली येत असलं तरी ते एका घरातून येत नाही. स्की-डूचंही इंजिन रोटॅक्सचं, ते ऑस्ट्रियात गुन्सकिर्शेन इथं बनतं. फक्त रोटॅक्स आणि स्की-डू दोन्ही बीआरपी या एकाच कॅनेडियन कंपनीचे आहेत, त्यामुळे जबाबदारी ढकलायला दुसरं दार नाही. हा फरक लहान वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी मोठा ठरतो.

भरवसा विकूनच उभे राहिलेले धंदे

या कंपन्यांचा इतिहास पाहिला तर सगळ्यांची सुरुवात याच एका प्रश्नातून झालेली दिसते.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये वालकूर नावाचं गाव आहे. तिथला मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए तरुणपणापासून बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या नादाला लागला होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. पोटात अपेंडिक्सचा त्रास बळावला होता. रस्ते बर्फाने बंद, आणि घरात तयार होत असलेली बर्फगाडी चालण्याच्या अवस्थेत नाही. हॉस्पिटल गाठता आलं नाही, मुलगा गेला. १९३७ मध्ये बोम्बार्डिएने त्याच्या चाक-पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळवलं. त्याच्या पहिल्या मोठ्या बर्फगाड्या बसप्रमाणे माणसं नेणाऱ्या होत्या. एक-दोन जणांची छोटी स्की-डू १९५९ मध्ये आली.

सीमेपलीकडे, मिनेसोटातल्या रोझो या गावात पोलारिस उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एडगर हेटीन, १९६० मध्ये साथीदारांना घेऊन अलास्कात हजार मैलांहून जास्त अंतर स्नोमोबाईलवर पार करून आला. उद्देश एकच, ही यंत्रं टिकतात हे लोकांना दाखवायचं. पण असल्या उद्योगात वेळ-पैसा घालवला म्हणून घरच्या कंपनीतच कुरबुर झाली. हेटीनने पोलारिस सोडली आणि थोड्याच अंतरावरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये नवी कंपनी काढली. तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे आज एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या या दोन कंपन्या मुळात एकाच माणसाने उभ्या केल्यात. आपल्या गावाकडची भाऊबंदकी आठवावी असाच प्रकार.

१९७० च्या सुमारास स्नोमोबाईल बनवणाऱ्या शंभराहून जास्त कंपन्या होत्या. मग तेलाचं संकट, मंदी, बर्फ कमी पडलेले हिवाळे आले आणि एकेक गळत गेली. खुद्द आर्क्टिक कॅट १९८१ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, नंतर पुन्हा उभी राहिली. त्या शंभरांपैकी किती गाड्या चांगल्या होत्या, किती टुकार, याचा आज कुणाला फरक पडत नाही. पार्ट मिळत नसेल तर चांगली गाडीही भंगारच.

मग भरवसा मोजायचा कसा?

कारच्या बाबतीत लाखो मालकांचे सर्व्हे होतात. स्नोमोबाईलचा अख्ख्या जगाचा बाजार वर्षाला साधारण लाख-सव्वा लाख गाड्यांचा. भारतात एका वर्षात दोन कोटींच्या आसपास दुचाकी विकल्या जातात, यावरून अंदाज करा. एवढ्या छोट्या बाजारात मॉडेलनिहाय पक्का आकडा मिळणं कठीण. त्यामुळे लोक दोन गोष्टींवर मत बनवतात, मित्राचा अनुभव आणि रिकॉल.

रिकॉलची बातमी वाचताना जरा सबुरीने घ्यावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये पोलारिसने दोन लाखांहून जास्त स्नोमोबाईल रिकॉल केल्या. टाकीत पेट्रोल कमी असताना स्थिर विजेच्या ठिणगीने आग लागण्याचा धोका, हे कारण होतं. आकडा दचकवणारा आहे, कारण त्यात जवळजवळ दहा वर्षांची मॉडेलं होती. त्याआधी २०१८ मध्ये पोलारिसने आपल्या बर्फाबाहेरच्या, चार चाकांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या आगीची माहिती वेळेत सरकारला दिली नाही म्हणून अमेरिकेत २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरला होता.

यातून 'पोलारिस वाईट' असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. पण रिकॉल म्हणजे गाडी रोज बंद पडते असं नव्हे. तो सुरक्षेचा दोष असतो आणि कंपनी तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करते. बीआरपीनेही वेळोवेळी रिकॉल केलेत. पाहायची गोष्ट ही की दोष कळल्यावर कंपनी किती लवकर बोलली आणि दुरुस्तीचा पार्ट डीलरकडे किती लवकर पोचला. २०१८ चा तो दंड याच अर्थाने जास्त बोलका आहे. तिथं कंपनीची चूक उशिराची होती.

मित्राच्या अनुभवाचं आणखी वेगळं. स्नोमोबाईल बिघडण्यामागे कंपनीइतकाच वापराचा हात असतो. या गाडीत ॲक्टिव्हासारखाच बेल्टवर चालणारा गिअरबॉक्स असतो. थंड बेल्टवर एकदम कान पिळला, किंवा खोल बर्फात गाडी रुतलेली असताना रेस करत बसलं, की बेल्ट जळतो. तो तुटला की चालक कंपनीला शिव्या देतो, पण जाणता चालक जास्तीचा बेल्ट सोबत घेऊनच निघतो.

दुसरं, थंडाव्याचं. बऱ्याच स्नोमोबाईलमध्ये कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. पट्ट्याने उडवलेला बर्फ खालच्या धातूच्या पत्र्यांवर आदळतो आणि त्यानेच इंजिन थंड राहतं. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही बर्फाचंच वंगण. म्हणजे बर्फ कमी पडला आणि वाट नुसती कडक गोठलेली असली, की इंजिन तापतं आणि पट्ट्या झिजतात. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात उबदार होता. अशा वर्षी तापलेल्या इंजिनाचा दोष कुठल्या ब्रँडच्या खात्यात टाकायचा?

त्याच उबदार हिवाळ्याने डीलरच्या गोदामात न विकलेल्या गाड्यांची रांग लावली. कंपन्यांनी उत्पादन कापलं. आर्क्टिक कॅटचा कारखाना थांबण्यामागे घसरलेली मागणी हेच कारण होतं. बर्फ कमी पडला की गाडीचं इंजिनही तापतं आणि ती बनवणाऱ्या कंपनीचा ताळेबंदही, असा हा दुहेरी मार आहे.

आज घ्यायचीच झाली तर?

मोठ्या प्रमाणावर आणि ठामपणे उभ्या असलेल्या दोनच कंपन्या आहेत. बीआरपीची स्की-डू, जी विक्रीत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि पोलारिस. बीआरपीचाच लिंक्स हा ब्रँड फिनलंडच्या रोव्हानिएमीत बनतो आणि उत्तर युरोपात त्याला मान आहे. दोघांच्या ताज्या टू-स्ट्रोक इंजिनांत 'ही रडकी, ती दणकट' असं छातीठोक सांगावं इतकं अंतर नाही. अंतर आहे ते डीलरमध्ये. घरापासून अर्ध्या तासावर पोलारिसचा चांगला मेकॅनिक असेल आणि स्की-डूसाठी तीन तास जावं लागत असेल, तर पोलारिस घेणं शहाणपणाचं. उलट असेल तर स्की-डू. मोसम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. जानेवारीत पार्टसाठी तीन आठवडे थांबावं लागलं तर मोसमाचा चौथा हिस्सा गेला.

आणखी एक सापळा आहे तो बुकिंगचा. कंपन्या पुढच्या हिवाळ्याच्या गाड्या मार्च-एप्रिलमध्येच बुक करून घेतात, वर जास्तीची वॉरंटी किंवा सूट देतात. म्हणजे नवीन इंजिन, नवीन सांगाडा आलेला असेल तर तो सामान्य ग्राहकांच्या हाताखाली एकही हिवाळा न काढता विकला जातो. भरवसा हाच निकष असेल, तर पहिल्या वर्षाचं मॉडेल सोडून दोन-तीन वर्षं चाललेलं घेणं बरं, सूट गेली तरी.

जुन्या यामाहाचं काय? पार्ट आणि सर्व्हिस देत राहू असं यामाहाने बाहेर पडताना सांगितलंय, आणि मोटारसायकली, बोटींची इंजिनं विकणारी एवढी मोठी कंपनी शब्द पाळण्याची शक्यता चांगली आहे. ट्रेलवर लांब फिरणाऱ्याला, ती फोर-स्ट्रोक इंजिनं अजून अनेक वर्षं साथ देतील. प्रश्न इंजिनाचा नाहीच, सांगाड्याच्या पार्टचा आहे, जो साईडवाईंडरसारख्या गाडीत आर्क्टिक कॅटकडून यायचा. भारतात शेवरोलेवाल्यांनी हे अनुभवलंय. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली तेव्हा बीट आणि टवेरा एका रात्रीत वाईट झाल्या नव्हत्या. रिसेल भाव मात्र कोसळला, कारण पुढचा ग्राहक गाडीआधी कंपनीकडे बघत होता.

आर्क्टिक कॅटचे चाहते कट्टर आहेत आणि नव्या मालकांना धंद्याची नस माहीत आहे, ही जमेची बाजू. तरी नवी गाडी घेण्याआधी डीलरला सरळ विचारावं की टेक्स्ट्रॉनच्या काळात विकलेल्या गाडीची वॉरंटी आज कोण देतं, आणि एखादा नेहमी लागणारा पार्ट मागवून द्यायला किती दिवस लागतात. गोलमोल उत्तर आलं तर थांबावं. इलेक्ट्रिकवाल्यांनाही हाच नियम. माँट्रियलच्या टायगा या इलेक्ट्रिक स्नोमोबाईल कंपनीने २०२४ मध्ये कर्जदारांपासून कोर्टाचं संरक्षण मागितलं आणि मग ती विकली गेली.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ पर्टी पेल्टो यांनी १९७० च्या दशकात लॅपलँडमधल्या रेनडिअर पाळणाऱ्या स्कोल्ट सामी लोकांवर एक पुस्तक लिहिलं होतं. स्नोमोबाईल आल्यावर अवघ्या काही वर्षांत तिथं काय झालं, याचा तो अभ्यास. आधी रेनडिअर आणि स्लेज यांच्यावर काम चालायचं, त्याचा खर्च घरातल्या घरात होता. यंत्र आलं, वेग आला, आणि पेट्रोल, सुटे भाग, हप्ते यासाठी रोख पैसा लागू लागला. ज्यांना तो जमला नाही ते कळप राखण्याच्या धंद्यातूनच बाहेर पडले. बाहेरून येणाऱ्या पार्टवर तिथलं जगणं तेव्हापासून अवलंबून आहे. साठ वर्षांपूर्वी तो पार्ट बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी होत्या. आता त्या हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यातली एक नुकतीच मालक बदलून परत उभी राहू पाहतेय.